पहिल्या प्रतीचं चित्र

अग्नी, चाक आणि संगणक! मित्रांनो, या तीन शोधांनी मानवजातीचं नशीब फिरवलं. त्यांपैकी तिसरा सध्या वलगावात, खुशालरावांच्या पलंगाशेजारी, औषधं ठेवायचं स्टूल म्हणून कामाला आहे.

मी एक जुना संगणक आहे. माझी पहिली आठ वर्षं अमरावतीच्या एका महाविद्यालयात बोनाफाईड दाखले छापण्यात गेली. मग मी भंगारात निघालो. तिथून योगेश नावाच्या दुरुस्तीवाल्याने मला उचललं, पोटात एक नवं कार्ड बसवलं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात आचलच्या खोलीवर आणून ठेवलं.

आचल दिवसा कुरिअरच्या ऑफिसात बसायची आणि संध्याकाळी सात वाजता गेम खेळायची. तो खेळ इंटरनेटवर थेट दिसायचा. पडद्याच्या कोपऱ्यात एका चौकटीत तिचा चेहरा असायचा. पूर्वी खेळणं आणि दाखवणं ही दोन्ही कामं एकाच संगणकावर होती. त्याची इतकी दमछाक व्हायची, की खेळात जरा धावपळ झाली की चित्राचे शंकरपाळे पडायचे. म्हणून कामाची वाटणी झाली. त्याने नुसता खेळ चालवायचा आणि मी चित्र घेऊन, घडी घालून बाहेर पाठवायचं. पाठवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला मोठा मान होता.

पण हे सगळं खरं तर एका माणसासाठी चाललं होतं. आचलची आई गेल्यापासून तिचे वडील, खुशालराव, वलगावात एकटे राहत. त्यांना त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. सात वाजले की ते टीव्ही लावत, खुर्ची पुढे ओढत आणि कोपऱ्यातली मुलगी बघत. खेळ संपला की त्यांचा फोन यायचा.

खुशालराव जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. बोंड न दाबता, गाडीजवळून चालत जाता जाता ते कापसाची प्रत सांगत. चौतीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी खाली पडू दिला नाही. माझ्या पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आज पहिली प्रत, माय. तुये कानातलेही दिसले." आचलने माझ्या डोक्यावर थाप मारली. माझ्या आयुष्यातली ती एकमेव थाप.

चार महिन्यांनी फोनवर सूर बदलला. "आज दुसरी प्रत. कोपरा धुकट दिसून राहिला."

मित्रांनो, कोपरा धुकट नव्हता. मी पाठवलेलं प्रत्येक चित्र मला माहीत होतं. एकही गळालं नव्हतं. पण संगणकाला कुणी विचारत नाही.

आचलने बिटरेट वाढवला, म्हणजे दर सेकंदाला मी जास्त माल पाठवू लागलो. दुसरी प्रत. तिने नवी केबल आणली, तोंडावर दिवे लावले, भिंतीला रंग दिला. तिसरी प्रत. "मधातलं दिसते, बाजूचं नाही," असं ते म्हणाले, तेव्हा तिने स्वतःची चौकट कोपऱ्यातून काढून पडद्याच्या मधोमध बसवली. बघणारे चिडले. "तोंड नको, गेम दाखव," असं रोज शंभरदा लिहून येऊ लागलं. वाचून वाचून ती वैतागली आणि तिने तो मजकूरच झाकून ठेवला.

योगेश मला तपासायला आला. त्याने मला उघडलं, फुंकर मारली, पुन्हा बंद केलं.

"आचल, या डब्ब्यातून याहून साफ चित्र निंघत नाही. काकाजीचे डोये दाखवले का कोनाले?"

"बाबाचे डोये?" आचल हसली. "अकोल्याच्या अर्ध्या व्यापाऱ्याईनं त्या डोयावर माल घेतला. तू आपला स्क्रू ड्रायव्हर सांभाळ."

मीही मनात हसलो. ते मला अजून छळतं.

मग एके दिवशी खुशालरावांचा फोन आला. आवाज खुशीत होता. "आज पहिली प्रत, माय! तुया पिवळ्या ड्रेसचं एक न एक फूल मोजून घे. कायले अजून खर्च करतं? चित्र झालं आता."

 आचलने नुकताच पडदा पाहिला होता. सुरुवातीला आपण लावतो तो 'जरा थांबा, येतेच' असा काळा फलक त्या दिवशी बदलायचा राहून गेला होता. दोन तास लोकांना फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. ओरडून सांगणाऱ्यांचा मजकूर तर तिने झाकलेला. आणि तिच्या अंगात निळा टी-शर्ट होता.

"बाबा," ती म्हणाली, "तुमाले कधीपासून दिसत नाही?"



"तू माह्यापायी एवढं करून राहिली होती," खुशालराव म्हणाले. "मी किती दिवस माल नापास करू?"

अमरावतीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडेकडेने खात येतो आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांवर टिकली तर टिकेल. आठ महिने आधी यायला हवं होतं, असं ते म्हणाले. त्या आठ महिन्यांत आम्ही बिटरेट चार वेळा वाढवला होता.

आता आचल त्या एकाच संगणकावर खेळते. चित्राचे पुन्हा शंकरपाळे पडतात, पण ती सगळं तोंडाने सांगते: "बाबा, आता मी पुलावर आली, खाली पाणी आहे." खुशालराव टीव्हीकडे कान करून बसतात. प्रत सांगत नाहीत. मला तिने इथे आणून ठेवलं, कारण माझी कड हाताला लागते आणि थेंबांची बाटली सापडते.

म्हणून मित्रांनो, घरातलं कुणी चित्र धुकट दिसतं म्हणालं, तर यंत्र उघडण्याआधी त्या माणसाला डॉक्टरकडे न्या. चित्र साफ आहे हे यंत्राला आधीच ठाऊक असतं, पण ते सांगू शकत नाही.

आणि माझ्यावर थेंबांची बाटली जरूर ठेवा. शेजारी लोणच्याची बरणी मात्र ठेवू नका. तेल आत उतरतं.