दोन आवाजांसाठी आणलेला पिकअप

गिटारच्या तारांखाली काडेपेटीपेक्षा जरा मोठी, चकचकीत पत्र्याची डबी बसवलेली असते ना, ती मी. मला पिकअप म्हणतात. हे नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जालना रोडवर कांद्याच्या गोण्या भरून धावणारी गाडीच उभी राहते. मी गोण्या उचलत नाही. तारांची थरथर उचलतो आणि वायरीतून स्पीकरकडं पोचवतो. एवढंच माझं काम. तेही माझ्या हातून नीट झालं नाही, म्हणून आज बोलायला बसलोय.

माझा जन्म बेंगळुरूजवळच्या एका छोट्या कारखान्यात झाला. केसाहून बारीक तांब्याची तार एका बाईंनी यंत्रावर हजारो वेढे देऊन गुंडाळली. अशा दोन गुंडाळ्या, म्हणजे दोन कॉइल, शेजारी शेजारी ठेवल्या. खाली लोहचुंबक बसवलं. दोघींची टोकं आतल्या आत एकमेकींना जोडून वर टेप लपेटला आणि बाहेर एकच वायर सोडली, धातूच्या जाळीत गुंडाळलेली. जुन्या धाटणीचा पिकअप असाच असतो. दोन्ही कॉइल जोडीनं बोलतात, त्यामुळं आवाज भरदार येतो आणि विजेची घूं घूं त्यांच्यातल्या त्यांच्यात जिरून जाते. बाईंनी मला तपासलं, कापडानं पुसलं आणि खोक्यात ठेवलं. माझ्यात खोट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मला बरीच बोलणी बसली.

मला मागवलं हिमांशूनं. तो पडेगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो, आई उमाबाई आणि धाकटी बहीण वैदेही यांच्याबरोबर. नोकरी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, चिकलठाण्यातल्या एका कंपनीत. तिथं तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करायचं त्याचं काम. केसाएवढा फरक निघाला तरी भाग बाजूला काढायचा. ती सवय तो रोज संध्याकाळी बुटांबरोबर घरात घेऊन यायचा.

वैदेही लहान मुलांना गाणं शिकवायची. तिचा आवाज बारीक आणि उंच होता. तिनं स्वतः एक गाणं रचलं होतं. दौलताबादच्या बाजूच्या डोंगरांवर पहाट होण्याआधीचं ते गाणं होतं, आणि शेवटची ओळ होती, ‘डोंगराच्या पाठीमागं अजून उजाडायचं आहे’. त्या ‘उजाडायचं’वर ती इतकी वर जायची की स्वयंपाकघरात उमाबाईंचा हात थांबायचा.

त्या उन्हाळ्यात वैदेहीच्या गळ्यात गाठ निघाली. थायरॉइडची. काढायलाच हवी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “बोलणं-चालणं व्यवस्थित राहील. वरच्या सुरांचं मात्र आत्ता काही सांगता येत नाही.”

घरी आल्यावर ती हिमांशूला म्हणाली, “दादा, ऑपरेशनच्या आधी माझं गाणं एकदा रेकॉर्ड करून ठेवू. मी गाते, तू वाजव. बाकी काही नको.”

“करू की. आणि असं करू की लोक ऐकत राहिले पाहिजेत,” हिमांशू म्हणाला.

त्यानं तिला मनापासून शब्द दिला होता. पण लगेच त्याच्या डोक्यात किडा वळवळला. गाण्याची सुरुवात भरदार हवी आणि शेवटच्या ओळीला गिटार एकदम पातळ, काचेसारखी स्वच्छ वाजायला हवी, तिच्या त्या सुराला धक्का न लावता. गिटारवरची आवाज कमी-जास्त करायची गुंडी वर ओढली की पिकअपच्या दोन कॉइलपैकी एक गप्प बसते आणि आवाज पातळ होतो, अशी एक सोय असते. त्यानं तशी गुंडी आणून बसवलीसुद्धा. मग पिकअप शोधायला लागला. माझा आवाज मोबाईलवर ऐकला, आवडला, मला मागवलं. खाली बारीक अक्षरात ‘जुन्या पद्धतीची वायर’ असं लिहिलेलं होतं. ते त्यानं वाचलं, पण त्याला वाटलं, दिसायला जुनी असेल.

मी आलो त्या दिवशी घरात सण असल्यासारखं होतं. उमाबाईंनी खोक्याकडं बघून विचारलं, “एवढुशा डबीनं काय फरक पडणार आहे रे?”

“आई, एका गिटारीत दोन आवाज. बघच तू.”

त्यानं गिटारमधला जुना पिकअप काढला, मला उलटं केलं आणि माझी ती एकुलती एक वायर हातात धरून बसून राहिला. त्याच्या गुंडीला माझ्या दोन्ही कॉइलची टोकं वेगवेगळी बाहेर आलेली हवी होती. बारीक बारीक चार वायरी. माझी जोडणी आत, टेपखाली. त्या दोघींना वेगळं करायचा रस्ता मला जन्मतःच ठेवलेला नव्हता.

“चुकीचा पाठवला साल्यांनी!” तो म्हणाला.

मला फार वाईट वाटलं. मी जसा होतो तसाच आलो होतो. मला तोंड असतं तर तेव्हाच म्हणालो असतो, की बाबा, मला आहे तसा बसव. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत मी तिला उबदार साथ देईन. नाहीतर परत पाठव, तो जुना लाव. अर्ध्या तासाचं काम.

दारात उभं राहून वैदेही तेच म्हणाली. “जुनाच लाव ना दादा. शनिवारी बन्सीकडं जायचंय आपल्याला.”

बन्सी म्हणजे हिमांशूचा शाळेपासूनचा मित्र. औरंगपुऱ्यात एका कापडाच्या दुकानाच्या वर त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे.

“जुन्याचा आवाज नाय ग तसा. मी ह्यालाच उघडतो. आतला जोड सापडला की एक जास्तीची वायर बाहेर काढली, झालं.”

“आणि नाही सापडला तर?”

“सापडेल.”

शुक्रवारी दुपारी सुट्टी काढून तो गॅलरीत बसला. माझं पत्र्याचं झाकण उचकटलं. टेप सोलला. त्याचे हात कुशल होते, पण ते पोलादाचे भाग मोजणारे हात. जोड सापडला. त्याला नवीन वायर जोडायला सोल्डरिंगचा डाग देताना गरम सळई त्याच्या बोटाला जरा टेकली, त्यानं दचकून वायर मागं घेतली आणि माझ्या एका कॉइलच्या अगदी आतलं, पहिल्या वेढ्याचं टोक तुटलं. तुटल्याचा आवाजही झाला नाही. मला एवढंच कळलं की माझी अर्धी बाजू गेली.

त्यानं मीटर लावून पाहिलं. काटा हलला नाही. पुन्हा लावलं. उमाबाई चहा घेऊन आल्या.

“काय करायलास रे इतक्या वेळचं? झालं का?”

“होतंय,” तो म्हणाला.

मग त्यानं बन्सीला फोन केला. उद्याऐवजी पुढच्या शनिवारी ठेव म्हणाला. फोनमधून बन्सीचा आवाज मला टेबलावर ऐकू येत होता. “अरे, तू लई डोकं लावायलास बाबा. माझ्याकडं साधी, पत्र्यावाणी वाजणारी गिटार हाय, ती घे अन् ये. पोरीचा गळा महत्त्वाचा हाय का तुझी गुंडी?”

“ऑपरेशनला अजून तीन आठवडे आहेत, बन्सी. नीट होऊ दे.”

उमाबाई म्हणाल्या, मोबाईलवर तरी भरून ठेवा. त्यावर हिमांशू हसला. “मोबाईलवर काय येणार, आई? एकदाच करायचं, पण नीट करायचं.” त्याच संध्याकाळी त्यानं चार वायरींचा दुसरा पिकअप मागवला.

तो यायच्या आधी दवाखान्यातून फोन आला. सर्जन परदेशी जाणार होते, तारीख अलीकडं ओढली होती. उद्या सकाळी दाखल व्हा.

हिमांशू धावत टेबलापाशी आला. जुना पिकअप शोधला, घाईघाईनं डाग देऊन कसाबसा बसवला, गिटार सुरात लावली. “वैदू, चल. मोबाईलवर घेऊ. आत्ता. लगेच.”

वैदेही बॅगेत कपडे भरत होती. ती समोर येऊन बसली. त्यानं सुरुवातीचे सूर वाजवले. तिनं पहिली ओळ घेतली आणि आवाज मध्येच चिरकला. पुन्हा घेतली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी ती उठली.

“नको दादा. असं नाही. रडत रडत भरलेलं गाणं जन्मभर ऐकायचं नाहीये मला.”

“माझी चूक झाली गं.”

“मी आहे तशीच गाणार होते,” ती म्हणाली. “तुला ते चाललं नाही.” आणि बॅगेची चेन लावायला आत गेली.



ऑपरेशन चांगलं झालं. गाठ साधी निघाली, जिवाचा घोर मिटला. उमाबाईंनी शेजारपाजारी पेढे वाटले. वैदेही बोलायला लागली, काही महिन्यांनी मुलांच्या शिकवण्याही सुरू झाल्या. पण आवाज खाली उतरला होता. वरची पट्टी गेली. मुलं एखादी तान उंच घ्यायला लागली की ती हातानं दाखवायची, गळ्यानं नाही.

मी खिळ्यांच्या डब्यात पडून होतो. एका रविवारी सकाळी हिमांशूनं मला बाहेर काढलं. मेलेली कॉइल बाजूला टाकून जिवंत कॉइल थेट वायरीला जोडली आणि मला गिटारमध्ये बसवलं. तार छेडली. पातळ, स्वच्छ, काचेसारखा आवाज. तोच, ज्याच्यासाठी त्यानं एवढा खटाटोप केला होता. खाली विजेची घूं घूं होती, कारण ती जिरवायला माझी जोडीदार उरली नव्हती.

त्यानं वैदेहीला हाक मारली. ती ओले हात पुसत आली. तो तिच्या गाण्याची शेवटची ओळ वाजवत होता.

“हाच का तो आवाज?” तिनं विचारलं.

“हाच.”

“छान आहे.” ती जराशी हसली. मग हळूच गायला लागली. ‘अजून’पर्यंत आली, ‘उजाडायचं’ला वर गेली, आणि तिथं सूर नव्हता, नुसता श्वास होता. ती थांबली. “खाली घे दादा. खालच्या पट्टीत बघू.”

त्यानं खालच्या तारांवर घेतलं. तिचा नवा आवाज जाड होता, किंचित खरखरीत. त्याला खालून भरदार आधार हवा होता, जो मी जन्मतः देऊ शकत होतो आणि आता देऊ शकत नव्हतो. माझी एकटी कॉइल किरकिरत राहिली. तिनं पहिलं कडवं निम्मं गायलं आणि म्हणाली, “भाजी करपेल,” आणि गेली. ती त्याला कधी टोचून बोलली नाही. तेच त्याला जड जातं, हे मला त्या दिवशी त्याच्या बोटांवरून कळलं.

चार वायरींचा तो दुसरा पिकअप अजून खोक्यातच आहे. मला काढून त्याला बसवायचं हिमांशूच्या मनात येत नाही. मला वाजवावं असंही त्याला वाटत नाही.

मी एक वस्तू. मला फार अक्कल नाही. पण घरात कुणी गायला उभं राहिलं, तर तुमच्या हाताशी जे असेल ते घेऊन बसा. आवाज मागाहून सुधारता येतो. माणूस तेव्हाच समोर उभं असतं.

गिटार आता बैठकीतल्या कोपऱ्यात उभी असते. उमाबाई रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसतात. फडकं तारांना लागतं, तारा थरथरतात. मी ती थरथर उचलतो आणि माझ्या परीनं पुढं पाठवतो. पुढं काही जोडलेलं नसतं.