ठमीची छाटणी

मास्तर शाळेतले नव्हेत, शिलाईचे. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगावरचं माप घेतलं आणि लोकांचं कापड कापलं. आपल्या कात्रीने कधी कुणाचं वीतभर कापड वाया गेलं नाही, असं ते सांगत, आणि दुसरं कुणी सांगण्याची वाटही पाहत नसत. डोळ्यांना सुईचं नाक दिसेनासं झालं तेव्हा दुकान बंद झालं, पण हाताची खोड गेली नाही. घरातल्या टॉवेलांचे सुटलेले दोरे, पाकिटांची तोंडं, जुनी वर्तमानपत्रं, सगळ्यांवरून ती कात्री फिरायची. शेवटी बायकोने तिची जागा कपाटाच्या वरच्या फळीवर नेली.

बायकोची बाग मात्र त्यांच्या डोळ्यांत कायम सलत आली. घरामागे विटांची वाकडी पायवाट, आणि तिच्या दोन्ही अंगांना गुलखैरा, शेवंती, लव्हेंडर, पुदिना, अ‍ॅस्टर, सगळे एकमेकांच्या अंगावर रेललेले. कुठे ओळ नाही, कुठे अंतर नाही.

"अगं, जरा रांगेत लावलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मास्तर म्हणायचे.

"तुमच्या दुकानात सगळी गिऱ्हाइकं एकाच मापाची यायची का?" असं ती विचारायची, आणि मास्तर वर्तमानपत्र उघडायचे.

पायवाटेच्या वळणावर ठमी होती. ठमी म्हणजे गुलाबाचं झुडूप, गुडघ्याच्या जरा वर, अंगाने गोल आणि आटोपशीर. ठेंगणी म्हणून नाव बायकोनेच ठेवलेलं. शर्टाच्या बटणाएवढ्या कळ्या, फिकट गुलाबी फुलं, तीही झुबक्याझुबक्याने. मूळ झाड बायकोच्या आईच्या अंगणातलं. ते घर विकलं गेलं आणि नवा मालक अंगणभर फरशी घालणार असं कळलं, तेव्हा बायको धावत गेली. फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो तो डोळा तिने सालीसकट अलगद काढला, ओल्या रुमालात गुंडाळून आणला आणि रानगुलाबाच्या खुंटावर बसवला. आठवड्याने तिकडचं झाड उखडलं गेलं. आईच्या घरातलं जिवंत असं तिच्याकडे एवढंच उरलं होतं.

यंदा बायकोच्या पोटाचं ऑपरेशन झालं. मुलीचं घर हॉस्पिटलच्या जवळ, म्हणून दोन महिने तिने तिथेच राहायचं ठरलं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं आणि मुलीने फोनवर मास्तरांना: सगळं काढता आलं नाही. वर्ष, फार तर. आईला कळू द्यायचं नाही, असं बापलेकीने ठरवलं. त्या वेळी मास्तरांना ते शहाणपणाचं वाटलं होतं.

जाताना बायको बजावून गेली होती, "पाणी तेवढं घाला. कात्री वरच राहू दे."

पहिला महिना मास्तरांनी पाणीच घातलं. मग एक दिवस त्यांना ठमीच्या बुडातून तीन नव्या फांद्या निघालेल्या दिसल्या. हिरव्यागार, सरळसोट, आठवड्याला हातभर वाढणाऱ्या. त्यांच्या शेजारी जुन्या फांद्या म्हणजे करड्या, गाठाळ, वाकड्या, निम्मी पानं पिवळी पडलेल्या. मास्तरांचं मत तयार व्हायला वेळ लागला नाही. विरलेल्या कापडाला नवं ठिगळ लावलं की ताण येतो आणि दोन्ही फाटतात, विरलेलं वेळीच काढलेलं बरं. त्यांनी स्टूल घेतलं, कात्री खाली काढली, आणि जुन्या फांद्या एकूण एक बुडाशी कापून कचऱ्याच्या गाडीत दिल्या. अंगणही कसं सुटसुटीत झालं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. ज्या झाडाचं नाव ठमी, ते अचानक खांद्याएवढं उंच का व्हायला लागलं, हा प्रश्न शेंबड्या पोरालाही पडला असता. मास्तरांना पडला नाही. बायको रोज फोनवर विचारायची, "ठमी काय म्हणते?" आणि मास्तर मनातल्या मनात हसून म्हणायचे, "आल्यावर बघशीलच."

तीन आठवडे गेले, फांद्या डोक्याला लागल्या, पण कळीचा पत्ता नाही. बायको रविवारी यायची होती. बुधवारी मास्तर एक डहाळी घेऊन कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत खत विचारायला गेले.

रोपवाटिकेच्या बाईंनी डहाळी उलटसुलट केली. "काका, ही कुठून फुटलीय? जमिनीतून?"

"बुडातूनच. काय जोर आहे बघा."

"जोर असणारच, रानगुलाब आहे हा. खालचा खुंट. वरचं कलम कसं आहे?"

"वरचं म्हणजे जुन्या फांद्या ना? त्या मी काढून टाकल्या."

बाईंनी डहाळी टेबलावर ठेवली. "सगळ्या?"

"सगळ्या," मास्तर म्हणाले. उत्तर देताना स्वतःचाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकान उघडण्याआधी येऊन गेल्या. त्यांनी गुडघे टेकून बुडाची माती बोटांनी सारली आणि सुपारीएवढी गाठ दाखवली. गाठीच्या वर ठमी होती, खाली परकं झाड. मास्तरांनी बरोबर गाठीलगत कापलं होतं, अगदी सफाईने. रानफांद्या बाईंनी कापल्या नाहीत, मुळाशी धरून हिसडा देऊन उपटल्या. कापल्या की दुप्पट फुटतात, म्हणाल्या. मग चष्मा पुसून पुन्हा गाठीवर वाकल्या. गाठीच्या कडेला मोहरीएवढा लाल ठिपका होता.

"डोळा आहे एक. जगेल की नाही, सांगता येत नाही. हलवू नका, उपटून कुंडीत घालू नका, मुळं दुखावली की संपलं. जगलाच तर धड फुलायला वर्ष लागेल."

"आमच्याकडे तेवढं एकच आहे हो ते," मास्तर म्हणाले.

रात्री त्यांनी मुलीला फोन केला. मुलगी ऐकून घेत राहिली, मग थकल्या आवाजात म्हणाली, "बाबा, तसलंच दुसरं झाड मिळत असेल तर आणून लावा. आईला आत्ता धक्का नको. डॉक्टरांचं तिला सांगितलं नाही ना, तसंच हेही."

मिळत होतं. रोपवाटिकेत दाराशीच ठेंगणं, गोल, फिकट गुलाबी फुलांनी लगडलेलं झाड होतं. पाहणाऱ्याला ते ठमीची धाकटी बहीण वाटलं असतं. शनिवारी मास्तरांनी ते घरी आणलं, वळणावर ठेवलं आणि कुदळ घेऊन बसले. जागा तीच हवी, बायको त्या वळणावरच बघणार. म्हणजे खुंट काढायला हवा. त्यांनी भोवतीची माती मोकळी केली आणि गाठीकडे पाहिलं. लाल ठिपका फुटला होता. त्यातून दोन पानं डोकावत होती, मिटलेली, नखाएवढी.

मास्तर बराच वेळ कुदळीवर हात ठेवून बसले. कापताना त्यांना काही माहीत नव्हतं, ती चूक होती. आता सगळं माहीत होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि बायकोची इतकी आठवण आली की उठवेना. शेवटी त्यांनी माती पुन्हा लोटली, हलक्या हाताने दाबली, तांब्याभर पाणी घातलं. फुललेलं झाड शेजारणीच्या दारात ठेवून आले.

रविवारी बायको मुलीबरोबर आली. ब्लाउज तिला आता सैल होत होता. चहाही नको म्हणाली, आधी बाग. मास्तरांचा हात धरून ती विटांवरून पावलापावलाने चालली. वळण यायच्या आधीच मास्तर थांबले आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: कात्री, गाठ, कचऱ्याची गाडी, आणि ते दुसरं झाडही.

ती वळणावर गेली. मास्तरांनी स्टूल मांडलं, त्यावर ती बसली. उघड्या मातीतल्या त्या खुंटाकडे बघत राहिली.

"चाळीस वर्षांत कुणाचं कापड न विचारता कापलंत?"

"नाही."

"माझंच तेवढं."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. तिनेही समजूत काढली नाही, तेवढा राग तिला होता. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी कप घेऊन उभी होती, तिचं पाऊल पुढे पडेना.

शेवटी बायकोने विचारलं, "फुलायला किती दिवस म्हणाली ती रोपवाटिकेतली?"

"जगलं तर वर्ष."

"वर्ष," ती म्हणाली. मग तिने मान वळवून मास्तरांकडे नीट पाहिलं. "आणि मला किती सांगितलंय?"

मास्तरांनी दाराकडे बघितलं. मुलगी मान हलवत होती, नाही, नाही.

"तिच्याकडे नका बघू," बायको म्हणाली. "दोन महिने ती माझ्याशी हसून बोलतेय. मला वाटलं होतं, तुम्हीही आज हसतच याल. नाही आलात. म्हणून तुम्हाला विचारते."

मास्तर तिच्या पायाशी विटांवर बसले आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते त्यांनी तिला सांगितलं.