खोकल्याच्या गोळ्यांची डबी

काकूंचे यजमान वजनकाटे दुरुस्त करायचे. गावोगावच्या गोदामांत फिरायचे, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. माणूस भलताच शिस्तीचा. केसाएवढा फरक खपवून घ्यायचे नाहीत, मग तो काट्यात असो की चहातल्या साखरेत.

महिन्यातले पंधरा दिवस ते फिरतीवर असत. काकू कुठेच जात नसत, पण फिरतीची तयारी सगळी त्यांची. फाटक्या छत्रीच्या कापडाची एक पिशवी शिवून त्यांनी तिच्यात अडीनडीच्या वस्तू भरल्या होत्या. सेफ्टी पिना, शर्टाची जादा बटणं, सुईदोरा, सुतळी, अडकलेल्या चेनवर घासायला मेणबत्तीचा तुकडा. लॉजच्या दाराला कडी नसली तर खाली सारायला लाकडी पाचरसुद्धा. काटेवाले परतले की बूट काढायच्या आधीच कहाणी सुरू व्हायची.

"तुझी पिन नसती ना, तर आज अब्रूच गेली असती! साहेबांसमोर वाकलो आणि पँट टर्रकन फाटली."

"अगं बाई! मग हो?"

"मग काय, दोन पिना लावल्या आणि ताठ मानेने बाहेर पडलो."

पिशवीत खरोखरच दोन पिना कमी असायच्या. कधी बटण, कधी हातभर सुतळी. काकू लगेच भरपाई करायच्या आणि दोन दिवस अशा मिरवायच्या, जणू काटे त्यांनीच दुरुस्त केलेत. तीस वर्षं हे असंच चाललं.

काटेवाल्यांना जाऊन दोन वर्षं झाल्यावर लेकीने आईला आपल्याकडे बोलावलं. काकूंचा आयुष्यातला पहिला एकटीचा प्रवास. लेकीने आधीच एक पार्सल पाठवलं होतं: मानेभोवती घालायची फुगीर उशी, डोळ्यांवरची पट्टी, कानातले बोळे, घडीचा पेला. रोज फोन करून विचारायची, "आई, उशी घेतलीस ना? विसरू नकोस हं."

काकूंनी माळ्यावरून यजमानांची बॅग काढली. पुसताना अस्तराआड काहीतरी खडखडलं. आत एक चोरकप्पा होता आणि त्यात खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी. काकूंनी झाकण उघडलं.

डबीत पिना होत्या. दहा-दहाच्या जुड्या करून ठेवलेल्या, एकीलाही वाक नाही. बटणं दोऱ्यात ओवलेली, सुतळीच्या तुकड्यांची नीट गुंडाळी. सगळं काकूंनीच पिशवीत भरलेलं. म्हणजे ती पँट कधी फाटलीच नव्हती!

"थापाडे कुठले!" काकू यजमानांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या. "तीस वर्षं मला खेळवलंत?"

राग आलाच, पण त्याहून वाईट वाटलं. आपण भरलेलं त्यांच्या कधी काही कामालाच आलं नाही, मग आपण इतकी वर्षं नुसतीच लुडबुड केली की काय? छत्रीची पिशवी त्यांनी रागाने घरीच टाकली. डबी मात्र पर्समध्ये घातली. बापाचे प्रताप लेकीला दाखवायचे होते.

गाडीत काकू खिडकीशी ताठ बसल्या. उशी गळ्यात घालून पाहिली तर कुणी गचांडी धरल्यासारखं झालं. काढून मांडीवर ठेवली. पट्टीचं तर नावच नको, दिवसाढवळ्या डोळे झाकून बसायला त्या काय आंधळी कोशिंबीर खेळत होत्या? बोळे आणि पेला पाकिटातच राहिले. सगळ्या वाटेवर त्या बाहेरची शेतं बघत राहिल्या आणि यजमान इथूनच गेले असतील का, याचा विचार करत राहिल्या.

लेक स्टेशनवर डब्याच्या दाराशीच उभी होती. बॅग घेण्याआधी, वाकून नमस्कार करण्याआधी तिने विचारलं, "आई, उशीचा उपयोग झाला ना गं?"

काकू खरं तेच सांगणार होत्या. पण लेकीचा चेहरा पाहिला आणि शब्द तोंडातच राहिले. डोळे मोठे केलेले, श्वास रोखलेला. बूट न काढता बोलणाऱ्या नवऱ्यासमोर त्या स्वतः अशाच तर उभ्या राहायच्या.

"उपयोग?" काकू म्हणाल्या. "अगं, ती नसती तर माझी मानच गेली असती! अशी गाढ झोप लागली म्हणून सांगू, समोरच्या बाईने हलवून उठवलं."

"खरंच? आणि पट्टी?"

"पट्टीचं तर विचारूच नकोस. घरी चल, सगळं सांगते."

लेकीचा चेहरा खुलला. बॅग उचलून ती पुढे चालू लागली, पाऊल नुसतं हलकं पडत होतं तिचं. काकूंना यजमानांची फार आठवण आली.

उशीला अजून दुकानाचं लेबल लटकत होतं. लेकीची पाठ आहे तोवर काकूंनी ते हळूच तोडलं, पर्समधली डबी उघडली आणि पिनांच्या जुड्यांशेजारी नीट घडी करून ठेवलं.

"आई, काय शोधतेयस?"

"काही नाही गं," काकूंनी झाकण घट्ट लावलं. "खोकल्याची गोळी."