चौथा हजर

मुंगळा म्हणत त्याला, कारण एकदा चिकटला की सुटायचा नाही. खेळ तरी कसला, तर मोबाईलच्या नकाशावर खूण बघायची, कुणीतरी पुलाखाली नाहीतर झाडाच्या ढोलीत लपवलेली डबी हुडकायची आणि आतल्या कागदावर गटाचा शिक्का मारायचा. गट चौघांचा: मुंगळा, त्याची बायको, त्याचा दोस्त प्लंबर आणि शाळेची व्हॅन चालवणारी थोरली बहीण, जिला सगळेच ताई म्हणत. मुंगळ्याचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चौघांचे तळहात झाकणावर पडल्याशिवाय डबी उघडायची नाही. तो विचारायचा, "हजर?" मग एकेकानं "हजर" म्हणायचं. एका दिवसात सर्वांत जास्त डब्यांचा विक्रम त्याला करायचा होता, तोही असाच, सगळ्यांनी मिळून.

दम्यानं त्याला नेलं. ताई तेव्हा मुलांना घरी पोचवत होती, शेवटची भेटही झाली नाही. ही बोच काही केल्या जाईना. म्हणून वर्षभरानं विक्रम करायचं ठरलं, त्याच्या नावानं.

"दोन गाड्या करू," प्लंबर म्हणाला. "दोन शिक्के. निम्म्या डब्या ताई, तुम्ही, निम्म्या मी आणि वहिनी. कोण बघायला येतंय?"

विक्रमाला अख्खा गट प्रत्येक डबीपाशी लागतो, हे ताईला काय ठाऊक नव्हतं? पण भावाचं नाव लागणार म्हटल्यावर तिनं डोळ्यांवर कातडं ओढलं.

पहिली डबी पुलाच्या कठड्याखाली लोहचुंबकानं चिकटवलेली. ताईनं सवयीनं झाकणावर हात ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "हजर?"

"हजर," कानाशी कुणीतरी म्हणालं.

अगं बाई! आवाज त्याचाच. मागं वळली, तर नुसता रस्ता. भीती वाटायला हवी होती, पण ताईला रडू आलं ते आनंदानं. मग काय, तहानभूक विसरून ती डबीमागून डबी गाठत सुटली, शिक्क्यापेक्षा त्या एका शब्दासाठी.

दुपार कलली तसा आवाज बदलला. "ह... हजर." धाप लागलेली. पुढच्या डबीला तर शब्द फुटेचना, आणि छातीतली ती शिट्टी ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

घाबरून तिनं भावजयीला फोन लावला. ती कुजबुजली, "ताई, वेडी म्हणाल, पण हे इथं आहेत हो. प्रत्येक डबीला. आणि फार दमलेत."

म्हणजे दोन्हीकडं तोच! चिकटला की सुटायचा नाही, मेला! आपण लबाडी केली आणि ती खरी करायला तो दोन्ही गाड्यांमागं धावत होता.

"थोड्याच उरल्यात, विक्रम आपलाच!" फोनमागून प्लंबर ओरडला.

"खड्ड्यात गेला तुझा विक्रम! शिक्का खिशात घाल. आणि विक्रम नोंदवणाऱ्यांना कळवून टाक, आम्ही फसवलं म्हणून."

तिनं व्हॅनचं दार सरकवलं आणि मागच्या बाकावर बसली, शेजारी जागा सोडून.

"ये रे. संपला खेळ. आता कुठं धावायचं नाही."

बाक जरासा दबला. धाप ऐकू येत राहिली, हळूहळू उतरली आणि मग थांबली. भाऊ दुसऱ्यांदा गेला. या वेळी ताई जवळ होती.