संत रोक सीमा ओलांडतात

दर रविवारी मिस्सेत फादरांचं प्रवचन संपलं की मी उठते, चष्मा चढवते आणि साऱ्या जगासाठी प्रार्थना म्हणते. हे काम माझ्याकडे आलं ते भक्तीमुळे नव्हे, आवाजामुळे. जर्मनीच्या सीमेलगतच्या आमच्या फेनहोव्हन गावातल्या चर्चमधला माईक खरखरतो, आणि मी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला असल्यामुळे मला माईक लागत नाही.

प्रार्थना मीच लिहिते. लोकांना वाटतं त्यात काय, आजाऱ्यांना बरं कर, गेलेल्यांना शांती दे, संपलं. पण सकाळी पेपर वाचला की माझा हात आवरत नाही. मागच्या उन्हाळ्यात निर्वासितांच्या प्रश्नावरून सरकार पडलं, तेव्हा मी म्हटलं, "हे प्रभो, आमचं सरकार पुन्हा पडलं आहे. त्याला उचलून उभं कर असं आम्ही म्हणत नाही. पण पडताना ते कुणा गरिबाच्या अंगावर पडू नये, एवढं बघ." मग सवयीप्रमाणे सगळी म्हातारी मंडळी एका सुरात म्हणाली, "प्रभो, आमची विनंती ऐक."

दुसऱ्या रविवारी ब्रसेल्सची पाळी होती. "प्रभो, तिकडे सत्तावीस देशांचे सत्तावीस जण एका टेबलाभोवती बसले आहेत. तू बारा जणांना घेऊन जेवायला बसलास, त्याचं काय झालं ते आम्ही जाणतो. त्यांना धीर दे."

बाहेर आल्यावर माझ्या दिरानं, वीलनं, मला गाठलंच. "वहिनी, देवासमोर राजकारण नको. लोक हसतात."

"हसू देत की. चर्चमध्ये हसल्याला किती वर्षं झाली असतील त्यांना."

"तुम्हाला सांगून उपयोग नाही," तो म्हणाला आणि माझ्या सायकलच्या चाकात हवा भरून देऊन गेला. वील असा आहे. माझा नवरा गेल्यापासून माझ्या घराची कौलं, नळ, सायकल सगळं तोच बघतो. फक्त शनिवारी तो मिळत नाही. शनिवारी तो पिवळं जाकीट घालून, हातात टॉर्च घेऊन जर्मनीकडच्या रस्त्यावर उभा राहतो आणि येणाऱ्या गाड्यांत परके लोक शोधतो. त्याला हे काम कुणी सांगितलेलं नाही. आजवर त्याच्या हाती एक दाताचा डॉक्टर आणि एक लग्नाचं वऱ्हाड लागलं आहे. आणि गंमत अशी, की ह्याच वीलच्या शेतातली शतावरी तीस वर्षं पोलंडच्या पोरांनी काढली. ते मी बोलून दाखवलं की म्हणतो, "ते वेगळं, वहिनी. ते संध्याकाळी दमलेले असायचे."

तर सांगायचं होतं ते संत रोकांच्या मिरवणुकीचं. ऑगस्टच्या मध्यावर आम्ही आमच्या संतांना खांद्यावर घेऊन शेतांतून त्यांच्या छोट्या चॅपेलकडे नेतो. चॅपेल बांधलं तेव्हा इथं सीमा नव्हती. नंतर राजेरजवाडे नकाशा घेऊन बसले, रेघ मारली, आणि चॅपेल जर्मनीत गेलं. संत मात्र आमच्याकडे राहिले. मधे एक दगड आहे, एवढीच काय ती सीमा. मी पोरांना शिकवायची तेव्हा दगडाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक पाय ठेवून उभी राहायची, की बघा, मी परदेशी गेले आणि घरीही आहे. आता जर्मन पोलीस त्या वाटेवरही उभे राहू लागलेत. पलीकडे ते, अलीकडे वील, आणि मधे आमचे संत रोक.

मूर्ती लाकडाची, पण ओकच्या लाकडाची. संत, त्यांचा कुत्रा, कुत्र्याच्या तोंडातली भाकर, सगळं एकाच ओंडक्यातलं. सहा खांदे लागतात. ह्या वर्षी पाचच उरले होते. सहाव्या खांदेकऱ्याचा, बेअरचा, गुडघा वसंतातच गेला होता आणि त्याच्या जागी यायला गावात पन्नाशीच्या आतला माणूस नव्हता.

"माझ्याकडे एक माणूस आहे," फादर सिबी म्हणाले. फादर केरळचे. पाच गावांची पाच चर्चं त्यांच्या एकट्याच्या गळ्यात आहेत, आणि तरी माणूस हसतमुख. "निर्वासितांच्या छावणीत राहतो. रविवारी माझ्या मिस्सेला मागच्या बाकावर बसतो. खांदे बघाल तर दाराला अडकतील."

तो आला गेवार्गिस. सिरियाचा. तिकडे त्याचं मोबाइलचं दुकान होतं, पण अंगानं असा, की वाटावं गिरणीत पोती उचलत असेल. सरावाच्या दिवशी वील त्याच्यापुढे उभा राहिला.

"तुला येशू ख्रिस्त माहीत आहे का?" त्यानं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून विचारलं, जणू समोरचा बहिरा आहे.

गेवार्गिसनं माझ्याकडे बघितलं. "मावशी, ह्यांना सांगा, आमच्या गावात चर्च उभं राहिलं तेव्हा इथं दलदल होती."

"दलदल अजून आहे," मी म्हटलं. "उचल."

त्यानं उचललं आणि त्याच्या बाजूची मूर्ती एकदम वर गेली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. वीलला ते आवडलं होतं. पंचवीस वर्षं तो त्या दांडीखाली वाकतोय, वजन कमी झालेलं त्याला कळत नाही असं थोडंच आहे.

अडचण गेवार्गिसनंच सांगितली. "मी दगडापर्यंतच. माझ्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. टाकलं तर सगळं मुसळ केरात."

त्यावर तोड निघाली. पलीकडच्या गावातला फेर्डी, जर्मन, वीलच्या ओळखीचा, तो दगडापाशी थांबेल आणि तिथून खांदा देईल. येताना उलट. मी म्हटलं, वा, युरोपला जे जमत नाही ते फेर्डी आणि गेवार्गिस करून दाखवणार. त्या आनंदात मी चॅपेलपाशी वाचायची प्रार्थना लिहायला घेतली. भिंती, कुंपणं, दारं, उंबरे, सगळं तिच्यात आणलं. लिहिताना माझेच डोळे पाणावले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन मस्त पडलं होतं. पुढे बँड, म्हणजे दोन कर्णे आणि एक ढोल. मागे फादर, मग संत, मग आम्ही बायका जर्दाळूच्या व्लायचे, म्हणजे आमच्याकडच्या फळं भरलेल्या केकचे, डबे घेऊन, कारण चॅपेलपाशी पोचल्यावर गोड खायचं असतं आणि खरं सांगायचं तर निम्मी गर्दी त्या व्लायसाठीच येते. दगडापाशी आलो तर फेर्डी नाही. पोलिसांची गाडी आहे आणि एक तरुण पोलीस बाई हात वर करून उभी आहे.

"प्रमुख कोण?" तिनं विचारलं.

गर्दीतल्या प्रत्येकानं माझ्याकडे बोट केलं. फादरांनीसुद्धा.

"ओळखपत्र?"

माझं ओळखपत्र घरी, स्वयंपाकघराच्या खणात. "बाळ, मी सत्तर वर्षांची आहे आणि देवाला घेऊन निघाले आहे," मी म्हटलं.

"कुणाला?"

"संत रोकांना."

तिनं मूर्तीकडे वर बघितलं. बोलण्याच्या धाटणीवरून ती जर्मनीच्या पूर्वेकडची, सॅक्सनीकडची वाटली. तिकडे चार घरांत एकाला देव ठाऊक असला तर असतो. तिनं कुत्र्याकडे बघितलं, मग संतांच्या मांडीवरच्या जखमेकडे. "ह्यांना काय झालंय?"

"प्लेग. आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांनाच झाला. बरे झाले, घरी निघाले, तर लोकांनी हेर म्हणून धरून तुरुंगात टाकलं. आपण कोण ते सांगायला जवळ काही नव्हतं. तिथंच गेले, असं म्हणतात."

ती जरा गोंधळली. "मूळचे कुठले?"

"फ्रान्सचे."

"मग युरोपियन युनियनचे," ती हळूच म्हणाली, आणि मला कळेना, ही चेष्टा करतेय की नियम बघतेय.

तेवढ्यात फादर सिबी पुढे आले आणि त्यांनी झग्याच्या आतून पासपोर्ट काढला, व्हिसा काढला, रहिवासाचं कार्ड काढलं, बिशपांचं पत्रही काढलं. त्या सगळ्या जमावात कागद जवळ असलेला माणूस तो एकटा. "मला नेहमी विचारतात," ते आम्हाला म्हणाले, अगदी सहज, हसत. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर ह्या वाटेनं जातो आणि हे आम्हाला माहीत नव्हतं. वील बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

पोलीस बाईनं सगळ्यांना पुढे जायला सांगितलं. पण जाणार कसे? वीलचा फोन वाजला. फेर्डीची पाठ सकाळी मोजे घालताना धरली होती. गेवार्गिस दगडाच्या अलीकडे खांद्यावर दांडी घेऊन उभा, घामानं भिजलेला, आणि त्याचं पाऊल पुढे पडणं शक्य नव्हतं.

"परत फिरू या," कुणीतरी म्हणालं.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी व्लायचा डबा गेवार्गिसच्या हातात दिला आणि म्हटलं, "बाजूला सर."

"वहिनी!" वील ओरडला. "बाईमाणसानं संत उचललेला नाही आजवर."

"खुद्द प्रभूला गाढवानं उचललं होतं, वील. तेव्हा कुणी विचारलं नाही, नर की मादी."

गर्दी हसली, आणि हसणाऱ्या गर्दीपुढे वीलचं कधी काही चालत नाही. मी दांडीखाली शिरले. अडचण एवढीच, की माझ्या खांद्यात आणि दांडीत वीतभर अंतर राहिलं. गेवार्गिसनं आपलं जाकीट काढलं, घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "मावशी, गुडघे सैल ठेवा. श्वास धरून ठेवू नका." तरी संत रोक माझ्या बाजूला चांगलेच कलले. आजवर ते ताठ मानेनं जर्मनीत जायचे. ह्या वर्षी कुणाच्या तरी कानात काही सांगायला वाकल्यासारखे गेले.

मी खोटं कशाला सांगू, दहा पावलांतच मला पश्चात्ताप झाला. इतकी वर्षं जगाचा भार देवावर घालत आले, आणि देवाचा भार माझ्यावर आला तर डोळ्यांपुढे काजवे.

"वहिनी, तुम्ही नुसता हात लावा," शेजारून वील पुटपुटला. "वजन माझ्याकडे द्या." आणि त्यानं खरोखरच खांदा आत सरकवून ते घेतलं. जरा वेळानं म्हणाला, "तो असता तर बरं झालं असतं."

"कोण तो?"

"तोच तो. नाव येत नाही मला."

"गेवार्गिस."

"गे... वार... गिस," तो पावलांच्या तालावर म्हणत राहिला. "अवघड आहे."

"तुझं नाव त्याला अवघड नाही, कारण ते एवढंसंच आहे."

चॅपेलपाशी आम्ही संतांना खाली ठेवलं. सगळे माझ्याकडे बघू लागले. प्रार्थनेचा कागद खिशात होता, पण काढायला हात वर होईना आणि छातीत हवा मावेना. माझा तो प्रसिद्ध आवाज कुठे गेला कोण जाणे. मी म्हटलं, "प्रभो..." आणि धाप लागली. "प्रभो... थांब जरा."

आणि सगळ्यांनी, दोन कर्णेवाल्यांसकट, मनापासून म्हटलं, "प्रभो, आमची विनंती ऐक."

फादर सिबी नंतर म्हणाले, सबंध युरोपसाठी ह्याहून नेमकी प्रार्थना त्यांनी ऐकलेली नाही. भिंतींची आणि उंबऱ्यांची ती सुंदर प्रार्थना तशीच राहून गेली. बरंच झालं. देवाला उपमा ऐकवायची माझी खोड जुनी आहे.

परतताना लांबूनच दिसलं, गेवार्गिस दगडावर बसलाय आणि पोलीस बाई गाडीच्या बॉनेटला टेकून व्लाय खातेय. डबा जवळजवळ रिकामा.

"ह्यांनी दिलं," ती लाजून म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं."

"दोनदा नाही म्हणाली," गेवार्गिस म्हणाला. "तिसऱ्यांदा हो म्हणाली."

तिनं मला विचारलं, की जर्दाळू आधी शिजवून घेता का. मी म्हटलं, घेते, पण साखर नंतर. तिनं ते मान डोलावून ऐकलं. गेवार्गिसनं दांडी खांद्यावर घेतली, संत सरळ झाले, आणि आम्ही गावात आलो. माझा खांदा आठवडाभर निळा होता. वील रोज मलम घेऊन यायचा आणि रोज सांगायचा, की हे त्याला मान्य नव्हतं.

वील सुधारला असं समजू नका. पुढच्या शनिवारी तो पुन्हा पिवळं जाकीट घालून रस्त्यावर होता. फक्त गेवार्गिस सायकलवरून जाताना दिसला की तो टॉर्च खाली करतो आणि सगळं नाव म्हणतो, चुकीचं, पण सगळं.

फेब्रुवारीत गेवार्गिसच्या अर्जाचा निकाल लागला. राहायला मिळालं. मला वाटलं आता हा भावाकडे स्वीडनला जाईल, नाहीतर निदान पॅरिस बघून येईल. तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मावशी, ते चॅपेल दाखवा ना. तिथं काय आहे ते मला अजून माहीत नाही."

आम्ही गेलो. बोचरा वारा, नांगरलेली काळी शेतं, वाटेवर चिटपाखरू नाही. दगड ओलांडताना तो थांबला नाही, पण त्याची चाल जरा हळू झाली. चॅपेलला कुलूप होतं. हिवाळ्यात असतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो खाली बसला आणि किल्लीच्या भोकाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"एक खुर्ची," तो म्हणाला. "आणि खुर्चीवर कुणाची तरी टोपी राहिलीय."

"बघू," मी म्हटलं, आणि त्यानं मला जागा करून दिली.