भिंतीवरचे मास्तर

माझ्या बापाचं तोंड त्या भिंतीवर तुम्ही ठेवलंत, साहेब. रंगवलं दुसऱ्याने, ठेवलं तुम्ही. तुमच्या सहीने.

माझे वडील शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. म्हणजे म्हणायची. एक चित्रकार दुकानात कोट सैल करून घ्यायला आला. चहा प्यायला, फोटो काढले. "मास्तर, काय चेहरा आहे हो तुमचा! रेषा न् रेषा बोलते."

"बोलते खरी," वडील म्हणाले, "पण गिऱ्हाईक ऐकत नाही. सगळ्यांना कपडे कालच हवे असतात."

महिन्याभरात ती रेषा न् रेषा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या भिंतीवर आली. दोन मजली उंच. धड उंदराचं, गळ्यात टेप, दातात कापड. खाली लिहिलेलं: घर साफ करा. स्वतःला सफाई पथक म्हणवणारी टोळकी रोज तिथे जमायला लागली. घोषणा द्यायची, उंदरासोबत फोटो काढायची आणि जाताना आमच्या शटरवर लाथ घालायची. माझे आजोबा बाहेरून इथे आले, एवढाच आमचा गुन्हा.

वडिलांनी दुकानातला ट्रायलचा आरसा उलटा फिरवून ठेवला. मग दुकानात जाणंच सोडलं.

द्वेष पसरवणाऱ्यांसाठी कायदा आहे, असं ऐकून मी तुमच्या पोलीस ठाण्यात आले. आठवतं? तुम्ही माझ्या मोबाइलवर चित्र बघितलंत.

"खाली वडिलांचं नाव आहे का?"

"चेहरा आहे की, साहेब."

"चेहऱ्यासारखे चेहरे असतात, बाई. या उंदराला शेपूट आहे. वडिलांना आहे का?"

मागच्या टेबलांवरचे खो खो हसले. तुम्ही लिहून दिलंत: ही कला आहे, यात कुणीही विशिष्ट व्यक्ती नाही.

मी घरं रंगवते. ओल धरलेल्या भिंती, पोरांनी रेघोट्या मारलेल्या भिंती. मग हीच एक भिंत मला का जमू नये? भर दुपारी शिडी लावली, पांढरा रंग घेतला आणि कपाळापासून सुरुवात केली. बापाच्या डोळ्यांवरून रोलर फिरवताना काय झालं ते सांगत नाही. तुमच्याकडे पुन्हा हसतील. रंगाचे दोन हात दिले. संध्याकाळी भिंत कोरी करकरीत.

घरी येऊन म्हटलं, "गेलं, बाबा."

"सगळं?"

"मिशीसुद्धा."

ते हसले. किती दिवसांनी हसले! सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्यात टेप अडकवली. "चल लवकर. त्या बेकरीवाल्याची पँट तशीच पडलीय. बिचारा कशात फिरत असेल कोण जाणे!"

कोपऱ्यावर ते थांबले.

चित्रकाराने डांबर वापरलं होतं, मला ते ओळखू आलं नाही. डांबर पांढऱ्या रंगातून झिरपून वर येतं. पिवळट, तपकिरी, कुजल्यासारखे माझे वडील पुन्हा भिंतीवर उभे होते. आधीपेक्षा म्हातारे दिसत होते.

वडिलांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, खिशात ठेवली. "तुझा काही दोष नाही गं," म्हणाले आणि माघारी फिरले. तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही.

त्याच दुपारी तुमची माणसं मला न्यायला आली. पथकाची तक्रार: मी कलेची नासधूस केली, त्यांच्या भावना दुखावल्या. तोच द्वेषाचा कायदा, साहेब. माझ्यासाठी जागचा हलला नाही, त्यांच्यासाठी धावत आला.

जामिनावर सुटलेय, पुढच्या आठवड्यात मला कोर्टात उभं राहायचंय. वडील घरी बसून माझ्यासाठी कोट शिवतायत. काल खांद्याचं माप घेता घेता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. माझं नाक त्यांचं, हनुवटी त्यांची. लहानपणापासून ऐकत आलेय, पोरगी हुबेहूब मास्तर.

"कोर्टात जाताना तोंडाला रुमाल बांध हं," ते हळूच म्हणाले. "माझा चेहरा आलाय तुझ्यावर. माफ कर मला."

बापाने लेकीची माफी मागितली, साहेब. चेहरा दिला म्हणून.

त्या भिंतीवर कुणीच नाही, असं तुमचं म्हणणं. मग मी तोंड बांधून यायचं की उघडं? बोला. आणि यावेळीही सहीनिशी कळवा.