उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

सन पंचावन्नच्या जानेवारीत आंबेझरीच्या शाळेत, तालुक्याच्या शाळा चालवणाऱ्या जनपद सभेचं पत्र आलं. हेडमास्तर सोमाजी लोनबल्यांनी ते तीनदा वाचलं. दिल्लीच्या सरकारनं हेडमास्तरांच्या प्रशिक्षणासाठी पैसा मंजूर केला होता. फेब्रुवारीत नागपूरला बारा दिवसांचं शिबिर होतं. गाडीभाडं, राहणं, जेवण, सगळं सरकारी.

सरकार विहिरीला पैसा देतं, रस्त्याला देतं, हे गावाला ठाऊक होतं. पण हेडमास्तरला शिकवायला? पंचवीस वर्षं ज्यानं गावाला शिकवलं, त्याला? घरी त्यांच्या बायकोनं, गुणाबाईनंही तेच विचारलं.

"आता तुमाले काय शिकवतीन?"

"तेच पाहाले जाऊन राह्यलो," सोमाजी म्हणाले. आणि खरंच, त्यांना दुसरं काही नको होतं. हेडमास्तरला शिकवण्यासारखं असतं तरी काय, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

सिंदेवाहीपर्यंत बैलबंडी, पुढे नागभीडवरून छोट्या रेल्वेगाडीनं ते नागपूरला पोचले. पहिले दोन दिवस हजेरीपट, वेळापत्रक आणि इमारतीची निगा यांतच गेले. हे तर आपण रोजच करतो, असं म्हणत सोमाजी बाकावर पेंगले. तिसऱ्या दिवशी एक उंच, वाकलेले प्राध्यापक आले. त्यांनी साऱ्या हेडमास्तरांना विचारलं, इथं यायच्या आदल्या दिवशी शाळेत तुम्ही किती प्रश्न विचारले? कुणी पन्नास म्हणालं, कुणी शंभर. मग ते म्हणाले, "त्यातल्या किती प्रश्नांचं उत्तर तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

सोमाजींची झोप उडाली. मागची पंचवीस वर्षं त्यांनी मनातल्या मनात चाळून पाहिली. सात नवे किती, गोदावरी कुठं उगम पावते, काल काऊन आला नाही. शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर ते स्वतःच देत आले होते, आळशी आहेस म्हणून.

शिबिर संपताना प्राध्यापकांनी गृहपाठ दिला. शाळेत परतल्यावर एक आठवडा एकही हुकूम सोडायचा नाही. फक्त विचारायचं, आणि तेही ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असंच.

सोमाजी परतले ते हा गृहपाठ डोक्यात घेऊन. पहिल्या दिवशी शाळा बावरली. दुसरीच्या गुरुजींनी येऊन विचारलं, वर्ग बाहेर बसवू का? सोमाजींनी उलट विचारलं, तुम्हाला काय वाटते? गुरुजी आले तसे निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या घरून गुणाबाईकडे निरोप आला, हेडमास्तरांची प्रकृती बरी आहे ना म्हणून.

चौथ्या दिवशी सोमाजी लालसू मडावीजवळ जाऊन बसले. हा तरुण मास्तर जंगलातल्या गोंड वस्तीतून शिकून आलेला, सहा वर्षांपासून शाळेत होता. सांगितलेलं काम चोख करायचा, बोलायचा कमी. सोमाजींना बरीच वर्षं छळणारी एक गोष्ट होती. मार्च लागला की शाळा रिकामी व्हायची. पटावर चौऱ्याहत्तर नावं, आणि हजर जेमतेम वीस. दरवर्षी ते पोरांच्या वस्तीवर जाऊन आईबापांना झापत. यंदा मात्र त्यांनी विचारलं, पोरं मार्चात सकाळी कुठं असतात, नेमकं काय करतात?

लालसूनं आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नाही अशी खात्री झाल्यावर तो सांगू लागला. मोहाचं फूल पहाटेपासून गळतं. गुरं, डुकरं यायच्या आत वेचावं लागतं. एका झाडाखाली आई, एका झाडाखाली पोरं. नऊ वाजले की टोपल्या भरतात आणि काम संपते. आपली सकाळची शाळा सातला भरते.

"म्हणजे दहा वाजता पोरं मोकळी असतात?"

"असतात ना. घरी बसून राह्यतात. शाळा सुटाची वेळ झाली म्हणून येत नाई. दहाले भरली तर येतीन."

सोमाजींनी विचारलं, हे आधी काऊन नाही सांगितलं?

"तुमी विचारलं नाई, गुरुजी," लालसू साधेपणानं म्हणाला. "तुमी सांगत होते, मी आयकत होतो."

सोमाजींना ते झोंबलं. पण झोंबण्यापेक्षा मोठी होती ती उत्सुकता. दहाला शाळा भरवली तर खरंच येतील? उन्हाचं काय? लालसू म्हणाला, तशीही पोरं दुपारभर उन्हात मोह वाळवतात, शाळेत निदान सावली आहे. परवानगीसाठी पत्र लिहिलं तर उत्तर येईस्तोवर मोह संपला असता. सोमाजींनी मार्चभर शाळा दहा ते दोन ठेवली. पत्रही लिहिलं, पण शाळा सुरू करून.

पहिल्या दिवशी एकतीस पोरं आली. आठवड्यानं एकोणसाठ. वस्तीवरचा इसरू, ज्याला सोमाजींनी सगळ्यांत जास्त झापलं होतं, स्वतः आपल्या लेकीला, बुधरीला शाळेच्या दारापर्यंत पोचवून गेला.

महिना संपत आला आणि शाळा तपासणारे सर्कल इन्स्पेक्टर सकाळी सातला घोड्यावरून येऊन पोचले. शाळेला कुलूप होतं. सोमाजी धावत आले. लालसूनं बदल आपण सुचवला असं सांगायला तोंड उघडलं, पण सोमाजी आधीच बोलले.

"वेळ मी बदलवली. जबाबदारी माझी. दहापर्यंत बसा, साहेब, मंग जे लिहाचं ते लिहा."

साहेब तोंड वाकडं करून बसले. दहाला पोरं आली, हाताला मोहाचा चिकट गोड वास. साहेबांनी स्वतः मोजली, मागच्या मार्चचा पट मागवला, पुन्हा मोजली. शेरा काय लिहिला ते दाखवलं नाही.

जूनमध्ये एकाच लिफाफ्यातून दोन कागद आले. एकात विनापरवानगी वेळ बदलल्याबद्दल सक्त ताकीद होती. दुसऱ्यात आदेश, की हा प्रयोग कसा केला त्याचा अहवाल पाठवावा, इतर शाळांना कळवायचा आहे. सोमाजींनी ताकीद फायलीला लावली आणि अहवाल लिहायला घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं: ही सूचना सहायक शिक्षक लालसू मडावी, राहणार कोसमी, यांची.

लालसूनं तो कागद उभ्यानंच दोनदा वाचला. मग जरा अडखळत म्हणाला, "गावाचं नाव चुकलं, गुरुजी. कोसमी नाई, कोसमेट्टा."

सहा वर्षं सरकारी कागदांवर कोसमीच होतं. सोमाजींनी ते खोडून वर नीट लिहिलं आणि विचारलं, मेट्टा म्हणजे काय?

"टेकडी," लालसू म्हणाला. आणि न विचारताच पुढे सांगू लागला, ती टेकडी कुठल्या अंगाला आहे आणि तिथून पावसाळ्यात काय काय दिसतं.